पॅनिक अटॅक

पॅनिक अटॅक म्हणजे प्रत्यक्ष धोका समोर नसताना, किंवा असलेल्या धोक्याच्या मानाने फारच अधिक प्रमाणात, अचानक उसळणारी तीव्र भीती आणि तिच्यासोबत येणारी शारीरिक लक्षणे होत. मराठीत यास भीतीचा झटका किंवा घबराटीचा झटका असेही म्हणतात. छातीत धडधडणे, धाप लागणे, दरदरून घाम फुटणे, अंगाला कापरे भरणे, हातापायांना मुंग्या येणे आणि ‘आता आपण मरणार’ किंवा ‘आपल्याला वेड लागणार’ असे वाटणे ही त्याची ठळक लक्षणे आहेत. झटका काही मिनिटांतच कमाल पातळी गाठतो व बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो.

पॅनिक अटॅक स्वतः जीवघेणा नसतो. परंतु त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याशी बरीच मिळतीजुळती असल्याने त्याबाबत दोन प्रकारच्या चुका होतात. खऱ्या हृदयविकाराला ‘घबराट’ समजून वेळ दवडणे ही पहिली चूक. तपासण्यांचे अहवाल सामान्य आल्यावर ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे सांगून रुग्णाला उपचाराविना घरी पाठवणे ही दुसरी. पहिल्या चुकीत जिवाला धोका असतो. दुसऱ्या चुकीमुळे उपचाराने बरा होणारा विकार वर्षानुवर्षे रेंगाळतो.

२५ देशांतील सर्वेक्षणांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे १३ टक्के व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी पॅनिक अटॅक आलेला असतो. वारंवार झटके येऊन त्याचे विकारात रूपांतर होण्याचे आयुष्यभरातील प्रमाण मात्र सुमारे १.७ टक्के आहे. म्हणजेच झटका अनुभवलेल्या साधारण आठ व्यक्तींपैकी एकीला पुढे पॅनिक विकार होतो.

## संज्ञा

‘पॅनिक’ हा शब्द ग्रीक पुराणकथांतील पॅन या अरण्यदेवतेच्या नावावरून आला आहे. निर्जन रानात माणसाला अकारण वाटणारी भीती हा देव निर्माण करतो, असा प्राचीन ग्रीकांचा समज होता.

मराठीत या अनुभवासाठी एकच रूढ संज्ञा नाही. शिवाय दवाखान्यात आलेला रुग्ण ‘मला भीती वाटते’ असे क्वचितच सांगतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत धडधडते’, ‘श्वास पुरत नाही’, ‘कसेतरीच होते’, ‘हातापायांतले त्राण जाते’ अशा शब्दांत तो आपली तक्रार मांडतो. त्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष साहजिकच हृदय, रक्तदाब, पित्त किंवा गॅस यांकडे वळते.

पुढील तीन संज्ञांमध्ये फरक करणे आवश्यक आहे.

- पॅनिक अटॅक: एक विशिष्ट झटका. तो कोणालाही येऊ शकतो. नैराश्य, आघातोत्तर ताण किंवा इतर चिंताविकारांतही तो आढळतो. एखादा झटका येणे म्हणजे मानसिक आजार असणे नव्हे.
- पॅनिक विकार: अनपेक्षित झटके वारंवार येणे आणि त्यानंतर किमान महिनाभर पुढच्या झटक्याची सतत धास्ती राहणे, किंवा त्या धास्तीपोटी वागणुकीत लक्षणीय बदल होणे.
- भयगंड: उंची, साप, बंद जागा अशा ठरावीक गोष्टीची अवाजवी भीती. ती गोष्ट समोर आल्यास भयगंडातही पॅनिक अटॅक येऊ शकतो. मात्र तो अनपेक्षित नसतो.

## लक्षणे

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत पॅनिक अटॅकची १३ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी किमान चार लक्षणे एकाच वेळी उद्भवून काही मिनिटांत शिगेला पोहोचल्यास त्यास पॅनिक अटॅक म्हणतात. ती लक्षणे अशी:

- छातीत धडधडणे, हृदयाचे ठोके जलद होणे
- घाम फुटणे
- अंगाला कापरे भरणे, थरथरणे
- धाप लागणे, श्वास पुरत नसल्यासारखे वाटणे
- घसा दाटून येणे, गुदमरल्यासारखे वाटणे
- छातीत दुखणे किंवा अस्वस्थ वाटणे
- मळमळणे, पोटात कालवणे
- भोवळ येणे, डोके हलके होणे, तोल जाईल असे वाटणे
- अंगावर गार शहारे येणे किंवा अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे
- हात, पाय, ओठ यांना मुंग्या येणे किंवा बधिरपणा येणे
- भोवतालचे जग खोटे वाटणे, किंवा आपण स्वतःपासून तुटून दुरून स्वतःकडे पाहत आहोत असे वाटणे
- मनावरचा ताबा सुटेल, वेड लागेल अशी भीती
- मृत्यूची भीती

यांतील बहुसंख्य लक्षणे शारीरिक आहेत. भीती ही मनाची घटना असली तरी रुग्णाला ती प्रथम शरीरात जाणवते. त्यामुळे तो मानसोपचारतज्ज्ञाकडे न जाता आधी जनरल प्रॅक्टिशनर, हृदयरोगतज्ज्ञ किंवा रुग्णालयाचा अपघात विभाग गाठतो. चारपेक्षा कमी लक्षणे असलेले सौम्य झटकेही येतात. काहींना झटका झोपेत येतो. व्यक्ती दचकून जागी होते, अंथरुणात उठून बसते व श्वासासाठी धडपडते. तो वाईट स्वप्नाचा परिणाम असतोच असे नाही.

झटका ओसरल्यावर अंगात गळाठा येतो. रडू येणे, झोप येणे, वारंवार लघवीला लागणे हेही अनेकांच्या अनुभवास येते.

## शरीरात काय घडते

धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डला हा भाग शरीराला सावध करतो. अनुकंपी चेतासंस्था कार्यरत होते आणि अधिवृक्क ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात सोडले जाते. हृदय जलद धडकू लागते, श्वासाचा वेग वाढतो, स्नायू ताठरतात, घाम सुटतो. संकटाशी दोन हात करण्यासाठी किंवा पळून जाण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी असते. समोर बिबट्या असेल तर ती उपयोगी पडते. पॅनिक अटॅकमध्ये हीच यंत्रणा धोका नसताना सुरू होते. यंत्रणा बिघडलेली नसते. इशारा चुकीचा असतो.

जलद व उथळ श्वसनामुळे काही लक्षणे वाढतात. या श्वसनात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा अधिक बाहेर टाकला जातो व रक्त किंचित अल्कधर्मी बनते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावल्याने भोवळ येते आणि ओठ व बोटांना मुंग्या येतात. क्वचित हाताची बोटे आखडतात. श्वास पुरत नाही असे रुग्णाला वाटत असले तरी त्याच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बहुधा सामान्य असते.

‘चक्कर येऊन पडेन’ ही भीती सर्रास आढळते. प्रत्यक्षात मूर्च्छा येते ती बहुधा रक्तदाब खाली गेल्याने, तर पॅनिक अटॅकमध्ये रक्तदाब सहसा थोडा वाढतो. म्हणून या झटक्यात शुद्ध हरपणे विरळाच. कोणी खरोखर बेशुद्ध पडल्यास अन्य कारण शोधणे आवश्यक ठरते.

## झटक्याकडून विकाराकडे

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिक विकाराचे बोधात्मक प्रारूप मांडले. त्यानुसार शरीरातील एखाद्या साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावणे हे विकाराचे मूळ आहे. जिना चढल्यावर ठोके वाढतात. ‘हा हार्ट अटॅक तर नसेल?’ असा विचार मनात येतो. विचाराने भीती वाटते. भीतीने ठोके आणखी वाढतात. वाढलेल्या ठोक्यांमुळे विचार खरा वाटू लागतो. हे चक्र काही मिनिटांत पूर्ण झटक्यापर्यंत जाते.

पहिल्या झटक्यानंतर व्यक्ती आपल्या शरीरावर पाळत ठेवू लागते. नाडी वारंवार मोजणे, घरात रक्तदाबाचे यंत्र आणून दिवसातून अनेकदा दाब पाहणे, एकामागून एक ईसीजी काढणे, खिशात गोळी बाळगणे, रुग्णालयाच्या जवळपासच राहणे अशा सवयी लागतात. त्यांमुळे तात्पुरता धीर येतो. पण ‘या खबरदारीमुळेच मी वाचलो’ ही समजूत पक्की होऊन भीती टिकून राहते.

पुढचा टप्पा टाळाटाळीचा असतो. जेथे झटका आला ते ठिकाण व तशी सर्व ठिकाणे टाळली जातात. भरलेली एसटी, रेल्वे, लिफ्ट, चित्रपटगृह, बँकेतील रांग, लग्नसमारंभ, परीक्षागृह, घाटरस्ता अशा, जेथून चटकन बाहेर पडता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही असे वाटते, त्या जागांच्या भीतीस अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. सणासुदीच्या दिवसांत गुलमंडी किंवा औरंगपुऱ्यातील गर्दीत जाणे बंद होते, मग एकट्याने जालन्याची बस धरणे बंद होते, शेवटी सोबतीशिवाय घराबाहेर पडणेच बंद होते, असा क्रम दिसू शकतो. झटका मिनिटांत संपतो. नोकरी, शिक्षण आणि नातेसंबंध यांचे नुकसान मात्र या टाळाटाळीने होते.

दीर्घकाळ उपचार न झाल्यास नैराश्य येऊ शकते. भीती दाबण्यासाठी दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घेतल्यास व्यसन जडते. पॅनिक विकारासोबत नैराश्य असल्यास आत्महत्येच्या विचारांचा धोका वाढतो.

## कारणे व जोखीम

या विकाराचे एकच कारण सांगता येत नाही. जैविक प्रवृत्ती, आयुष्यातील अनुभव व तात्कालिक ताण यांचा तो एकत्रित परिणाम मानला जातो.

- आनुवंशिकता: जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांत हा विकार असल्यास शक्यता वाढते.
- वय व लिंग: सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून पस्तिशीपर्यंत होते. स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते.
- जीवनातील घटना: जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, अपघात, बालपणातील छळ, नोकरी जाणे, कर्ज, बाळंतपण, घरापासून दूर राहणे. अनेकदा पहिला झटका ताण चालू असताना न येता तो संपल्यावर, निवांत क्षणी येतो.
- उत्तेजक पदार्थ: अतिरिक्त चहा-कॉफी, ऊर्जापेये, तंबाखू, गांजा. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक सोडल्यानेही झटके येऊ शकतात.
- अपुरी झोप व उपाशी राहणे.

रात्रीची जागरणे, जेवणाऐवजी चहा आणि निकालाची टांगती तलवार हे स्पर्धा परीक्षा व वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे चित्र आहे. या सर्व बाबी झटक्यास पोषक ठरतात. परीक्षेच्या आधी वाटणारी काळजी स्वाभाविक असते. परंतु वारंवार झटके येऊ लागल्यास ‘अभ्यास झाला की जाईल’ असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

## हृदयविकार व इतर आजारांपासून वेगळेपण

केवळ लक्षणांवरून घरच्या घरी पॅनिक अटॅक व हृदयविकाराचा झटका यांत खात्रीने फरक करता येत नाही. म्हणून पहिल्या झटक्यात आधी हृदयविकार नाही याची खातरजमा करावी, हा नियम सर्वमान्य आहे. साधारणपणे पॅनिक अटॅकमधील वेदना टोचल्यासारखी, छातीत एका जागी असते व धडधडीसोबत लवकर ओसरते. हृदयविकारात छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटते व ते वाढत जाते. तथापि मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराची लक्षणे वेगळी, सौम्य किंवा केवळ धाप व मळमळ या स्वरूपाची असू शकतात.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास घबराट समजून थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा तातडीने रुग्णालय गाठावे:

- असा त्रास आयुष्यात प्रथमच होत असणे
- छातीतील वेदना हात, खांदा, मान, जबडा किंवा पाठीकडे पसरणे
- चालणे, ओझे उचलणे अशा श्रमांनी त्रास सुरू होणे किंवा वाढणे
- दहा-पंधरा मिनिटांनंतरही छातीतील दाब कमी न होणे
- मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असणे
- शुद्ध हरपणे, ओठ निळे पडणे, तोंड वाकडे होणे, बोलताना जीभ अडखळणे

थायरॉइडची अतिक्रियाशीलता, रक्तातील साखर कमी होणे, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, दमा आणि अधिवृक्क ग्रंथीची विरळ आढळणारी गाठ यांतही अशीच लक्षणे दिसतात. दम्यासाठीची काही श्वासमार्गे घ्यायची औषधे व सर्दीवरील काही औषधे यांनीही धडधड होते.

## निदान

पॅनिक विकार दाखवणारी कोणतीही रक्तचाचणी किंवा स्कॅन नाही. निदान रुग्णाच्या सविस्तर माहितीवरून केले जाते. ईसीजी, आवश्यकतेनुसार ट्रोपोनिन, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन व थायरॉइड या तपासण्या इतर आजार वगळण्यासाठी करतात.

एकदा योग्य तपासणी होऊन अहवाल सामान्य आल्यावर त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा करणे हानिकारक ठरते. प्रत्येक नवी तपासणी ‘काहीतरी राहून गेले असेल’ या शंकेला खतपाणी घालते. अशा वेळी ‘काही झालेले नाही’ या वाक्याने रुग्णाचे समाधान होत नाही, कारण त्याला झालेला त्रास खरा असतो. ‘हृदय ठीक आहे; हा पॅनिक अटॅक आहे; त्यावर उपचार आहेत’ असे तीन भागांत सांगणे अधिक उपयुक्त असते. रुग्णानेही झटक्याची तारीख, वेळ, ठिकाण, कालावधी, त्याआधी काय खाल्ले-प्यायले व मनात कोणता विचार आला याची नोंद ठेवल्यास निदान सोपे जाते.

## झटका आला असता

निदान झालेल्या व्यक्तीला पुन्हा झटका आल्यास पुढील उपाय उपयोगी पडतात:

- शक्य असल्यास आहे त्याच जागी थांबावे. पळून गेल्याने भीती तात्पुरती कमी होते. पण त्या जागेची धास्ती वाढते. वाहन चालवत असल्यास ते रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबवावे.
- ‘हा पॅनिक अटॅक आहे. तो त्रासदायक आहे, धोकादायक नाही. काही मिनिटांत ओसरेल’ असे स्वतःशी म्हणावे.
- श्वास मोठा घेण्यापेक्षा सावकाश सोडण्यावर भर द्यावा. मनात चार अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यावा व सहा अंक मोजेपर्यंत हळूहळू सोडावा.
- डोळ्यांना दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाने जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज अशी मोजदाद करून लक्ष शरीराबाहेर न्यावे.
- झटक्याशी झुंजू नये. लाट येते, उंच जाते व ओसरते, तसे त्याला येऊ व जाऊ द्यावे.

सोबतच्या व्यक्तीने शांत राहावे, लहान वाक्यांत बोलावे, भोवती जमलेली गर्दी दूर करावी आणि ‘मी इथेच आहे’ एवढा दिलासा द्यावा. हात धरण्यापूर्वी विचारावे. ‘उगाच घाबरू नकोस’, ‘मन घट्ट कर’, ‘नाटक पुरे’ अशी वाक्ये टाळावीत. कांदा हुंगायला देणे, तोंडावर पाण्याचा सपकारा मारणे किंवा बळजबरीने पाणी पाजणे यांचा उपयोग नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही; त्रास हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असल्यास त्याने प्राणवायू घटून धोका होऊ शकतो.

## उपचार

पॅनिक विकार उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. मानसोपचार, औषधे किंवा दोन्ही एकत्र असे पर्याय असतात. बहुतेकांना रुग्णालयात दाखल होण्याची गरज नसते.

मानसोपचारांत बोधात्मक वर्तनोपचार सर्वाधिक परिणामकारक मानला जातो. त्यात शारीरिक संवेदनांचा लावलेला भयंकर अर्थ तपासून पाहायला शिकवतात. जागेवर धावून ठोके वाढवणे, खुर्चीत गोल फिरून चक्कर आणणे, मुद्दाम जलद श्वास घेणे असे प्रयोग तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करून घेतले जातात. या संवेदना येतात, वाढतात व काहीही अनिष्ट न घडता जातात हे रुग्ण स्वतः अनुभवतो. टाळलेल्या ठिकाणी पायरीपायरीने परत जाणे हा उपचाराचा दुसरा भाग होय: आधी सोबतीने एक थांबा बसने जाणे, मग एकट्याने, मग गर्दीच्या वेळी.

औषधांत सेरोटोनिनवर कार्य करणारी नैराश्यरोधके, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, पॅरोक्सेटिन, प्रथम पसंतीची आहेत. ती अल्प मात्रेने सुरू करतात. पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता किंचित वाढू शकते. परिणाम दिसण्यास साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. हे आधी न सांगितल्यास अनेक रुग्ण पहिल्याच आठवड्यात गोळ्या बंद करतात. बरे वाटू लागल्यावरही औषध काही महिने, बहुधा सहा महिने ते वर्षभर, चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. या औषधांची नशा किंवा चटक लागत नाही. मात्र ती एकाएकी थांबवल्यास चक्कर, चिडचिड असा त्रास होतो. गर्भवती व स्तनदा मातांनी औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी तत्काळ आराम पडतो. परंतु त्यांची सवय लागते, मात्रा वाढवावी लागते व अचानक सोडल्यास झटके पूर्वीपेक्षा तीव्र होतात. म्हणून त्या अल्पकाळ व डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाच्या असतात. जुन्या चिठ्ठीवर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

नियमित व्यायाम, पुरेशी झोप, वेळेवर जेवण, चहा-कॉफी व तंबाखू कमी करणे आणि प्राणायामासारख्या संथ श्वसनाचा सराव यांनी उपचारांस मदत होते. पण विकार स्थिरावला असल्यास केवळ यांवर विसंबून राहू नये. जलद श्वसनाचे प्रकार सुरुवातीस काहींना त्रासदायक ठरतात.

## प्रचलित गैरसमज

- ‘हा मनाचा कमकुवतपणा आहे.’ खंबीर, कर्तबगार व्यक्तींनाही पॅनिक अटॅक येतात. इच्छाशक्तीने ताप उतरवता येत नाही, तसाच हा विकारही.
- ‘नजर लागली’, ‘बाहेरचे आहे’. झटक्यातील परकेपणाची जाणीव व थरथर पाहून अंगात आल्याचा समज होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.
- ‘वारंवार झटक्यांनी वेड लागते.’ पॅनिक अटॅकमधून तीव्र मनोविकृती उद्भवत नाही. वेड लागेल अशी भीती हे या झटक्याचेच एक लक्षण आहे.
- ‘लग्न झाले की बरे होईल.’ विवाह हा कोणत्याही मनोविकारावरील उपचार नाही.

## महाराष्ट्रात उपलब्ध मदत

बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. विविध मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे त्यात आढळले. बदनामीची भीती, तज्ज्ञांची कमतरता आणि हा त्रास आजार आहे हेच ठाऊक नसणे ही उपचार न मिळण्याची नेहमीची कारणे आहेत.

केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकांवर ती दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतही उपलब्ध आहे. प्रशिक्षित समुपदेशक प्रथम बोलतात व गरजेनुसार तज्ज्ञांकडे जोडून देतात. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असल्यास या क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा, जवळच्या व्यक्तीस सांगावे व एकटे राहू नये. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी १०८ व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यावे, अशीही तरतूद त्यात आहे.

### छत्रपती संभाजीनगर

राज्यातील ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. त्यामुळे ‘मानसिक उपचार म्हणजे येरवडा’ असे समीकरण या भागातील अनेकांच्या मनात असते व त्या धास्तीने उपचार टाळले जातात. पॅनिक विकारासाठी मनोरुग्णालयाची मुळीच आवश्यकता नसते. सर्वसाधारण रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग पुरेसा असतो.

शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ साली स्थापन झाले. ‘घाटी’ या नावाने ते परिचित आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण येतात. एकाच आवारात अपघात विभाग, हृदयतपासणीची सोय व मनोविकृतीशास्त्र विभाग असल्याने आधी हृदयविकार वगळणे व नंतर मानसोपचार घेणे हे दोन्ही टप्पे तेथे पार पडू शकतात. चिकलठाणा येथे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, तर सिडकोतील एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी प्रथम ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात तपासणी करून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ व शहरातील महाविद्यालयांमुळे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेले विद्यार्थी येथे वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहतात. रात्री-अपरात्री झटका आल्यास घरचे कोणी जवळ नसते व घरी कळवल्यास शिक्षण थांबेल अशी भीती असते. अशा वेळी खोलीतील सोबत्याने ही लक्षणे ओळखून त्यास पहिल्या वेळी रुग्णालयात व त्यानंतर तज्ज्ञाकडे नेणे ही सर्वांत मोठी मदत ठरते.

## इतिहास

चरकसंहितेच्या विमानस्थानात मानसिक विकारांच्या यादीत भय व चित्तोद्वेग यांचा निर्देश आहे. आधुनिक वैद्यकात हा अनुभव प्रथम हृदयाचा आजार म्हणून नोंदला गेला. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये धडधड, धाप व छातीत दुखणे ही लक्षणे हृदयात दोष नसतानाही आढळल्याचे जेकब मेंडिस दा कोस्टा यांनी १८७१ साली नोंदवले. पहिल्या महायुद्धात हीच अवस्था ‘सैनिकाचे हृदय’ या नावाने ओळखली गेली. १८९५ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंताविकृतीचे स्वतंत्र वर्णन केले व त्यात अशा झटक्यांचा समावेश केला. १९६० च्या दशकात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांना इमिप्रामिन या औषधाने घबराटीचे झटके थांबतात, परंतु सततची चिंता तितकीशी कमी होत नाही, असे आढळले. हा विकार वेगळा आहे या मताला त्यातून बळ मिळाले आणि १९८० साली डीएसएम-३ मध्ये पॅनिक विकारास स्वतंत्र स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात त्याचा संकेतांक एफ ४१.० असून आयसीडी-११ मध्ये तो ६बी०१ आहे.

भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला.

## हेही पाहा

- चिंताविकार
- भयगंड
- नैराश्य
- बोधात्मक वर्तनोपचार
- हृदयविकाराचा झटका
- मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७